ॲनिमे की कार्टून? डोळ्यांवर जाऊ नका, चित्रं मोजा

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर मोगली बघत मोठ्या झालेल्या कुणालाही विचारा, ‘तुम्ही पहिलं ॲनिमे कोणतं पाहिलं?’ निम्मे म्हणतील ‘आम्ही नाही बाबा ते बघत’, उरलेले पोकेमॉनचं नाव घेतील. मोगलीचं नाव कुणी घेणार नाही. पण शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज आणि गुलजारांचं शीर्षकगीत असलेली ती हिंदी मालिका मुळात जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओने १९८९-९०मध्ये ती ५२ भागांत केली. त्याच दूरदर्शनवर लागणारं डिस्नेचं ‘डकटेल्स’ मात्र पक्कं अमेरिकन. आणि त्याच्या सुरुवातीच्या बऱ्याच भागांची चित्रं काढली गेली टोकियोत, टीएमएस या स्टुडिओत.

म्हणजे चित्र कुठे काढलं यावरून निकाल लागत नाही. डोळ्यांवरूनही लागत नाही. ‘मोठे डोळे म्हणजे ॲनिमे’ हे वाक्य नवख्याला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं, पण जपानी ॲनिमेचे आद्य पुरुष ओसामु तेझुका यांनी ते डोळे घेतले अमेरिकेतूनच, डिस्नेची पात्रं आणि बेटी बूप ही जुन्या कार्टूनमधली नायिका बघून. त्याउलट शिन-चानचे डोळे केवढेसे, ते घरातल्या कुठल्याही पोराला विचारा.

खरा फरक खर्चाच्या हाताचा आहे. हाताने काढलेली चित्रं महाग पडतात, त्यामुळे काटकसर दोन्हीकडे होते. काटकसर कुठे करायची आणि हात कुठे सैल सोडायचा, इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. हे पॉझचं बटण वापरून स्वतः तपासता येतं. एक कॉम्प्युटर, एक वही आणि दोन संध्याकाळी पुरतात.

शब्दाचा घोळ आधी मिटवू. जपानमध्ये ‘आनिमे’ हे ‘आनिमेशोन’चं छोटं रूप, आणि तिथला माणूस टॉम अँड जेरीलाही आनिमेच म्हणतो. ‘ॲनिमे म्हणजे जपानी’ हा अर्थ जपानबाहेरचा. इथे आपण तोच धरू.

पायरी १ : तुलनेची जोडी नीट लावा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक डिस्नेचा चित्रपट एका बाजूला ठेवतात, टीव्हीवरचं ॲनिमे दुसऱ्या बाजूला, आणि निकाल देतात की जपानी लोक हालचालीत कच्चे. चित्रपटाला वर्षानुवर्षं मिळतात. टीव्हीच्या भागाला दर आठवड्याची तारीख गाठायची असते. तेव्हा टीव्हीसमोर टीव्ही, चित्रपटासमोर चित्रपट, आणि शक्यतो एकाच दशकातले.

पहिल्या सरावासाठी टीव्हीची जोडी घ्या. नेहमीच्या ओळखीचं डोरेमॉन एकीकडे, २२ मिनिटांची एखादी हाताने काढलेली अमेरिकन मालिका दुसरीकडे. आधुनिक थ्रीडी मालिका नको. तिच्यात चित्र मोजण्याचा अर्थच बदलतो. दुसऱ्या दिवसासाठी मोगलीची जोडी राखून ठेवा: जपानी मालिका आणि डिस्नेचा १९६७चा चित्रपट. मूळ पुस्तक दोघांचं एकच, किपलिंगचं ‘जंगल बुक’. ही जोडी मात्र हालचालीची तुलना करायला नाही (एक टीव्ही, एक चित्रपट), ओठ आणि गोष्ट यांच्यासाठी आहे.

दोन्ही कार्यक्रम मूळ भाषेत बघा, सबटायटल लावून. हिंदी डबिंगवर ओठांची परीक्षा घेतली तर सगळेच नापास होतील.

पायरी २ : टीव्हीची लबाडी बंद करा

आजकालचे मोठे टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतात. क्रिकेटला ते बरं दिसतं. ॲनिमेचा मात्र सत्यानाश होतो, कारण तिथे एखादं चित्र मुद्दाम धरून ठेवलेलं असतं, आणि टीव्ही ते वितळवून पुढच्यात मिसळतो. कडांभोवती पाण्यासारखी थरथर दिसली की समजा, हेच चालू आहे. सेटिंगमध्ये ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस यांपैकी काहीतरी सापडेल. कंपनीगणिक नाव वेगळं. ते पूर्ण बंद करा.

मोजणी कॉम्प्युटरवरच करा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ हे बटण दाबलं की चित्रपट एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक स्थिर दृश्य, पुढे सरकतो. यूट्यूबवर आधी पॉझ, मग पूर्णविरामाच्या बटणाने एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाने एक मागे. कीबोर्ड देवनागरीवर असेल तर ही बटणं कधी कधी दाद देत नाहीत, इंग्रजीवर आणा. बहुतेक ओटीटी ॲपमध्ये ही सोय नसते.

व्हिडिओ अधिकृत चॅनेलवरचाच घ्या. कुणीतरी चढवलेल्या तुकड्यात चित्र उलटं केलेलं असतं, वेग वाढवलेला असतो, कडा कापलेल्या असतात, आणि मोजणी पहिल्या मिनिटातच फसते.

पायरी ३ : दोन सेकंद मोजा

चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं तर त्याला ‘वन्स’वर काम म्हणतात: सेकंदाला २४ चित्रं. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर ‘टूज’, म्हणजे १२. तीन फ्रेम ठेवलं तर ‘थ्रीज’, म्हणजे ८. डिस्नेच्या जुन्या चित्रपटांत वन्स आणि टूज यांची सरमिसळ असते. जपानी टीव्हीचा पाया थ्रीज.

प्रत्येक कार्यक्रमातून तीन तुकडे निवडा: एक बोलण्याचा, एक चालण्याचा, एक मारामारीचा किंवा पळापळीचा. प्रत्येकी दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम. बटण दाबत जा आणि पात्राची रेषा बदलली की वहीत एक टिंब मारा. सहा तुकड्यांना अर्धा तास लागतो.

मोजताना तीन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं, मागचं दृश्य सरकत असतं. पात्र थ्रीजवर असलं तरी मागचं आकाश प्रत्येक फ्रेमला हलतं, आणि नवखा माणूस सरळ ‘वन्स’ लिहून मोकळा होतो. एक जागा पकडा, समजा उजव्या हाताचं मनगट, आणि फक्त तिच्यावर नजर ठेवा.

दुसरं, व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो तेव्हा रंग उगाच चमचमतात. रेषेचा आकार बदलला तरच टिंब.

तिसरं जरा किचकट. बरेच व्हिडिओ २४ऐवजी ३० फ्रेमवर चढवलेले असतात, आणि त्यासाठी दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवलेली असते. अशा व्हिडिओत टूजचं काम २-३-२-३ असं लंगडतं आणि थ्रीजचं ३-४-४-४ असं. ही लय दिसली की चित्रकाराला दोष देऊ नका. चढवणाऱ्याची करामत आहे. २५ फ्रेमवरच्या जुन्या डीव्हीडीत लय बिघडत नाही, फक्त सगळं चार टक्के घाईत चालतं आणि आवाज किंचित चढतो.

आता वही बघा. ॲनिमेच्या बोलण्याच्या तुकड्यात बहुधा ओठ सोडून काहीच हललेलं नसेल. चित्र एकावर एक ठेवलेल्या थरांत काढलेलं असतं: अंग एका थरावर, ओठ दुसऱ्या थरावर. अंगाचं एकच चित्र दोन सेकंद उभं. चालण्याच्या तुकड्यात कदाचित पाय दिसणारच नाहीत: छातीपासून वरचं चित्र वरखाली होतं आणि मागची भिंत सरकते. चालणं हा चित्रं खाणारा प्रकार, म्हणून तो चौकटीबाहेर ठेवलेला. आणि मग मारामारीच्या तुकड्यात एकदम टिंबांची रांग लागते: आठ, बारा, मध्येच सलग पाच-सहा फ्रेम वन्स, पुन्हा थ्रीज. एकाच फटक्यात वेग असा मोडलेला असतो. हात मागे जाताना धरून ठेवलेला, सुटताना सपकन.

ही उधळपट्टी परवडते ती आधीच्या काटकसरीमुळे. हिशेब करून बघा. जपानी टीव्हीचा भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी ९० सेकंद. ती वगळून उरली २१ मिनिटं, म्हणजे ३०,२४० फ्रेम. एका भागासाठी चित्रं असतात ढोबळमानाने तीन ते पाच हजार. चार हजार धरली तर एकेक चित्र सरासरी साडेसात फ्रेम पुरवायचं आहे. थर वेगवेगळे असल्याने हा हिशेब काटेकोर नाही, पण दडपण केवढं आहे ते कळतं. म्हणून वीस मिनिटं पै-पै वाचवायची आणि एका झुंजीत ओतायची. अशा ओतलेल्या तुकड्यांना चाहते ‘साकुगा’ म्हणतात. जपानीत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘चित्रं काढणं’.

मग अमेरिकन टीव्ही उदार होता का? मुळीच नाही. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएममध्ये टॉम अँड जेरीची सात-सात मिनिटांची चित्रं भरपूर पैसे खर्चून केली. १९५७मध्ये त्या कंपनीने ॲनिमेशन विभाग बंद केला आणि दोघे टीव्हीकडे वळले. तिथे पैसा फारच कमी. योगी बेअरच्या गळ्यात पांढरी कॉलर आणि टाय का असतो, माहीत आहे? डोकं आणि धड वेगळ्या थरांवर ठेवायचं, बोलताना फक्त डोकं बदलायचं, आणि सांधा कॉलरखाली झाकायचा. दूरदर्शनवर आलेल्या ही-मॅनमध्ये तर तेच पळणं, तीच उडी, तोच ठोसा भागाभागाला परत येतो. तेझुकांचं ‘तेत्सुवान आतोमु’, ज्याला आपण ॲस्ट्रो बॉय म्हणतो, १ जानेवारी १९६३ला जपानी टीव्हीवर सुरू झालं. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा तर काढलेली चित्रं जपून पुन्हा वापरायची पद्धत तिथेही लागली. तिला त्यांनी ‘बँक’ म्हटलं.

फरक पडतो तो पुढे. अमेरिकन टीव्ही कार्टून काटकसर सगळीकडे सारखी पसरवतं, आणि जे काही राखतं ते डोकं, चेहरा आणि ओठांसाठी, कारण तिथे विनोद बोलण्यात असतो. ॲनिमे बोलण्यातच कात्री लावतं. तुमच्या वहीतले आकडे सरळ रेषेत असतील तर कार्टून, दरी-डोंगरासारखे असतील तर ॲनिमे. अपवाद निघतील, पण एवढी विश्वासू दुसरी खूण नाही.

आणि हो, डिस्नेही उसनं घेतं. १९७३च्या रॉबिन हूडमधल्या नाचात जंगल बुकमधल्या बल्लूच्या हालचाली जशाच्या तशा गिरवलेल्या आहेत. दोन्ही तुकडे शेजारी लावून बघा, गंमत येते.

पायरी ४ : प, ब, म ला ओठ मिटतात का?

ओष्ठ्य वर्ण शाळेत शिकलोच आहोत: प, फ, ब, भ, म. यांतलं एकही अक्षर ओठ न मिटता म्हणून दाखवा. म्हणजे ओठांची परीक्षा घ्यायला हीच अक्षरं पकडायची.

अमेरिकन कार्टूनमधला चेहरा जवळून दिसतोय असं दृश्य निवडा आणि ‘प्लीज’, ‘मॉम’, ‘बट’ असा शब्द येईल तिथे थांबा. अक्षराच्या एक-दोन फ्रेम आधी ओठ मिटलेले सापडतील. तिकडे आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो, कुठलं अक्षर कितव्या फ्रेमवर पडतं याचा तक्ता तयार होतो, आणि चित्रकार त्यावरून तोंड काढतो. तोंडाचे ठरलेले आकार साधारण सात ते नऊ.

जपानी दृश्यात हाच खेळ करा. ‘बाका’, ‘दामे’ हे शब्द सारखे कानावर पडतात. ‘दामे’च्या ‘म’ला ओठ मिटले तर तो योगायोग. टीव्ही ॲनिमेत तोंडं सहसा तीनच: मिटलेलं, अर्धं, उघडं. ती फिरत राहतात आणि वाक्य संपलं की थांबतात. आवाज मागाहून भरला जातो. या पद्धतीला तिकडे ‘आफुरेको’ म्हणतात. बऱ्याचदा ध्वनिमुद्रणाच्या दिवशी चित्रं पूर्णही नसतात. पडद्यावर कच्च्या रेषा असतात, कोणी कधी बोलायचं याच्या खुणा असतात, आणि कलाकार त्या वेळेत वाक्य बसवतात. १९८८च्या ‘अकिरा’त मात्र आवाज आधी घेतला होता, ओठांचं काम बघायला तो चित्रपट मुद्दाम बघावा. लहान मुलांसोबत नको.

आता दुसऱ्या दिवसाची जोडी काढा. डिस्नेच्या चित्रपटात शेरखान बोलतो जॉर्ज सँडर्स या नटाच्या आवाजात. आवाज आधी होता, आणि वाघ त्यावरून काढला. त्याच्या चेहऱ्यात आणि मिजाशीत सँडर्स उतरला आहे. आपल्या शेरखानचं उलटं. वाघ जपानमध्ये आधीच काढून, हलवून, प्रक्षेपित होऊन गेला होता. नाना पाटेकरांनी तयार जबड्यात आवाज घातला. तरी तो आवाज त्या वाघाला चिकटला तो चिकटलाच. यात नटाचं श्रेय आहेच, पण थोडं त्या तीन तोंडांचंही आहे. नेमकं अक्षर न सांगणारं तोंड कुठल्याही भाषेशी जुळवून घेतं. डोरेमॉनमधला नोबिता हिंदीत रडतो तेव्हा ते परकं वाटत नाही, त्यामागेही हेच. डिस्नेचा चित्रपट डब करताना मात्र अनुवादकाला ‘म’ला ‘म’, ‘प’ला ‘ब’ शोधत बसावं लागतं.

ज्यांना डबिंगचं लेखन करायचं आहे त्यांच्यासाठी एक सूचना: ॲनिमेत अक्षर जुळवू नका, लांबी जुळवा. तोंड थांबल्यावर शब्द चालू राहिला तर तो लगेच खटकतो.

पायरी ५ : अंग आणि खुणा

कार्टूनमधलं पात्र रबराचं. जमिनीवर आपटलं की चपटं, वर उडालं की लांब, आणि पुढच्या क्षणी जसंच्या तसं. डिस्नेच्या चित्रकारांनी ही चपटं-लांब करायची रीत शिस्तीत बसवली. ॲनिमेतल्या पात्राला सहसा हाडं असतात. ठोसा बसला की गाल हलतो, पण कवटी तीच राहते. विनोदाचा प्रसंग आला की मात्र तेच पात्र एका क्षणात गाठोड्याएवढं, मोठ्या डोक्याचं होतं आणि परत मूळ रूपात येतं. मधली चित्रं नसतात, थेट अदलाबदल.

घाईत असाल तर दोन झटपट खुणा. बोटं मोजा: पाश्चात्त्य कार्टूनमध्ये बहुधा अंगठा धरून चार, जपानी पात्रांना पाच. (डोरेमॉनची गोल मूठ या नियमात बसत नाही.) आणि गालाखाली, मानेवर सावली बघा: ॲनिमेत तीच त्वचा एका गडद छटेत, धारदार कडेने रंगवलेली असते, टीव्ही कार्टूनमध्ये सावली बऱ्याचदा नसतेच.

खुणांची भाषा वेगळी शिकावी लागते. डोक्याभोवती चांदण्या, डोक्यावर पेटलेला दिवा, कानातून वाफ या कार्टूनच्या खुणा आपल्या अंगवळणी आहेत. जपानी खुणा मांगातून, म्हणजे जपानी चित्रकथांतून आल्या. कपाळाशेजारचा मोठा थेंब म्हणजे घाम नव्हे, अवघडलेपण. कपाळावर फुलीसारखी चार वाकड्या रेषांची खूण म्हणजे रागाने तटतटलेली शीर. नाकातून फुगा आला की गाढ झोप. चेहऱ्याच्या वरच्या भागावर उभ्या निळसर रेषा म्हणजे अवसान गळालं. कावळा ओरडत गेला की कुणीतरी पाणचट बोललं आणि सगळे गप्प झाले. नाकातून रक्त म्हणजे जखम नव्हे, नको ते मनात आलं. मुलांसोबत बघताना ही खूण पालकांनी लक्षात ठेवलेली बरी. आणि विनाकारण शिंक आली तर त्या पात्राबद्दल दुसरीकडे कुणीतरी बोलतंय. आपल्याकडे उचकी लागते, तिकडे शिंक येते.

पायरी ६ : डोळे मिटून ऐका

पाच मिनिटं चित्र न बघता नुसतं ऐका. जुन्या कार्टूनमध्ये संगीत हालचालीला बांधलेलं असतं: मांजर पावलं टाकतं तशी बासरी पावलं टाकते, जिन्यावरून पडलं की सूर पायऱ्या उतरतात. ऐकूनच काय घडतंय ते कळतं. ॲनिमेत संगीत बहुधा प्रसंगाच्या मनःस्थितीला धरून असतं, आणि लांब लांब जागा रिकाम्या सुटतात. ट्रेनच्या फाटकाची घंटा, किड्यांची किरकिर. ती किरकिर म्हणजे ‘सेमी’, आपल्या रातकिड्यांची नव्हे तर दिवसा ओरडणाऱ्या सिकाड्याची. ती आली की ऋतू उन्हाळा, आणि शाळेला सुट्टी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पडद्यावर विजेची तार किंवा ढग तीन-चार सेकंद नुसता उभा असतो. नवख्याला वाटतं व्हिडिओ अडकला. नाही. ती शांतता जागेवर ठेवलेली आहे, आणि एक चित्र वाचलं ही गोष्टही खरी.

नावामागचे प्रत्ययही कानावर पडतील, हिंदी डबिंगमध्ये ते बहुतेक गळतात. ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’, ‘ताई’, ‘साहेब’ यांच्या मधलं काहीतरी, कुणालाही चालणारं. ‘कुन’ बहुधा मुलग्यांना, ‘सेन्पाई’ शाळा-कचेरीतल्या वरच्या वर्गातल्याला. ‘चान’ लाडाने. शिन-चानचं खरं नाव शिन्नोसुके. आपण ‘शिनू’ म्हणावं तसं ते शिन-चान. आपल्याकडे त्याचं ‘शिनचॅन’ झालं आणि लाडाचा प्रत्यय नावाला कायमचा चिकटला. दोन मित्रांमधला ‘कुन’ एखाद्या भागात अचानक गळाला तर ती घटना समजा. मराठीत ‘अहो’चं ‘अरे’ व्हावं, तशी.

पायरी ७ : गोष्ट कुठे थांबते ते बघा

टॉमचा भुगा झाला तरी पुढच्या भागात तो धडधाकट. जुन्या अमेरिकन मालिकांचे भाग कुठल्याही क्रमाने लावता यावेत म्हणून शेवटी सगळं मूळपदावर आणलं जातं. ॲनिमे साखळीने चालतं, पात्रं वाढतात, मरतात, आणि मेलेली बहुधा परत येत नाहीत, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. ‘साझाए-सान’ ही मालिका ५ ऑक्टोबर १९६९पासून चालू आहे आणि तिच्यातल्या कुणाचंही वय वाढलेलं नाही. डोरेमॉनचंही तसंच. घरादाराने एकत्र बघायची ॲनिमे तशीच असतात. साखळीची असतात ती मुख्यतः मांगाच्या कथेवर चालणारी.

कुठून सुरू करायचं हा प्रश्न इथे व्यवहाराचा होतो. जपानी टीव्हीचं वर्ष चार हंगामांचं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका हंगामाला ‘कूर’ म्हणतात, त्यात १२-१३ भाग. नवख्याने आधी एक चित्रपट बघावा, मग एक कूरची मालिका, मग दोन कूरची. पहिल्याच दिवशी ‘नारुतो’ला हात घालू नये: पहिली मालिका २२० भागांची, दुसरी ५०० भागांची. शिवाय मांगा दर आठवड्याला थोडी पुढे सरकते आणि टीव्ही तिला गाठतो. मग मांगाला पुढे जायला वेळ मिळावा म्हणून मूळ कथेत नसलेले भाग घुसवले जातात. चाहते त्यांना ‘फिलर’ म्हणतात. गोष्ट एकदम जागच्या जागी घुटमळायला लागली तर दोष तुमचा नाही, फिलरची यादी बघून पुढे सरका. आणि १२ भागांवर गोष्ट अर्ध्यात तुटली तरी चिडू नका. अशा मालिकेचा एक हेतू मांगा खपवणं हाही असतो, उरलेली गोष्ट तिथे असते.

पायरी ८ : मुलांच्या हाती देण्याआधी

‘कार्टूनच आहे, बघू दे’ हे वाक्य जपानी मालिकेबाबत धोक्याचं. चित्रावरून वय ओळखता येत नाही. शिन-चानचंच घ्या: ती मांगा १९९०मध्ये सुरू झाली ती प्रौढ पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात. पाच वर्षांच्या पोराची गोष्ट आहे, पाच वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेली नव्हती. मांगाचे शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (पुरुष), जोसेइ (स्त्रिया) असे जे भाग असतात ते कथेचे प्रकार नव्हेत, कुणासाठीच्या मासिकात-साप्ताहिकात छापलं ते सांगतात. मालिका बघण्याआधी मूळ मांगा यांपैकी कशात होती हे शोधा. निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं काम ओटीटीवरची खूण करते. भारतात २०२१च्या नियमांनुसार यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा पाच पायऱ्या आहेत, आणि खूण का दिली तेही शेजारी लिहिलेलं असतं. अमेरिकन बाजूलाही डोळे मिटून विश्वास नको. ‘द सिम्पसन्स’ १९८९पासून मोठ्यांसाठीच चालू आहे.

पायरी ९ : आता कुंपणावरची

वही हातात आली की अवघड नमुने घ्या. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही २००५ची मालिका अमेरिकन. लेखन अमेरिकन, चित्रं कोरियातली, घामाचे थेंब जपानी, गोष्ट साखळीची, ६१ भाग. ओठ बघा म्हणजे कळेल आवाज कधी घेतला. १९८४च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची गोष्ट अमेरिकन, पण बरीच चित्रं जपानच्या तोएई स्टुडिओची. ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही २०१२ची मालिका तर जपानच्या जुन्या बेसबॉल ॲनिमेवरून बेतलेली, फक्त खेळ क्रिकेट, गाव मुंबई.

शेवटी युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन या दिग्दर्शकांचा रामायणावरचा चित्रपट. भारत-जपान मिळून केलेला, १९९३मध्ये आपल्याकडे महोत्सवात दाखवलेला आणि जानेवारी २०२५मध्ये चित्रपटगृहांत परत आलेला. यात डोळ्यांवरून काहीच कळणार नाही. युद्धाच्या प्रसंगातले दोन सेकंद आणि दरबारातल्या संवादातले दोन सेकंद मोजा, रामाची बोटं मोजा, गालाखालची सावली बघा, मग ‘प’ला ओठ मिटतात का ते इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत तपासा. चार रकाने भरले की उत्तर तुमच्याच वहीत असेल.